लाईन गेली तरी गाणं राहिलं पाहिजे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या सीडी प्लेअरबद्दल लिहिलं होतं, की त्याची लेन्स आता मिळत नाही, कापसानं पुसून पुसून किती दिवस ढकलाल, सीड्या एकदाच्या फायलींमध्ये काढून घ्या. ते छापून आलं आन् व्हॉट्सॲपवर प्रश्नांची रांगच लागली. बहुतेकांचं म्हणणं एकच, फायली काढल्या, आता ठेवायच्या कशात आन् वाजवायच्या कशावर, दर वेळी कॉम्प्युटर लावत बसायचं नाही, एक वेगळा डबा पाहिजे जो गाणे सांभाळेल आन् घरच्या स्टिरिओवर वाजवेल. अशा डब्यालाच म्युझिक सर्व्हर म्हणतात. सगळ्यांना उत्तर देणं काही जमलं नाही, त्यातले सहा घेतले.

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षक, दर्यापूरजवळच्या खेड्यात राहतो. चारशेच्या वर सीड्या आहेत, शास्त्रीय, नाट्यसंगीत, जुनी हिंदी. ॲम्प्लिफायर ८५-८६ सालचा, मागे गोल पाच भोकांचे सॉकेट, स्पीकर लाकडी पेटीचे, आवाज अजून खणखणीत. मुलगा पुण्याला, तो म्हणतो बाबा कशाला कटकट, स्ट्रीमिंग घ्या. इकडे रेंज गच्चीवर गेल्यावर येते. नागपूरला एका दुकानात विचारलं तर त्यानं दीड लाखाचा डबा समोर ठेवला. पेन्शनीत बसेल असं काही आहे का? आन् आमच्या घरच्यांनाही चालवता आलं पाहिजे.

सर, नमस्कार. मुलाचं ऐकू नका, म्हणजे या बाबतीत ऐकू नका. पुण्यात बसून स्ट्रीमिंग सोपं वाटते, इकडे बडा ख्याल रंगात आला की चक्री फिरायला लागते. तुमच्याजवळ गाणे आहेत, तेही विकत घेतलेले, मग नेटवरून पुन्हा तेच काहून मागवायचे.

आधी हे समजून घ्या की या डब्यात कामं तीन असतात. एक, फायली ठेवणं. दोन, त्यांची यादी बनवून मागितलं ते गाणं काढून देणं. तीन, आकड्यांचा परत आवाज करणं, हे करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. महागड्या डब्यात यातली दोन किंवा तिन्ही एकाच पेटीत असतात, काहींत तर वरून सीडी टाकली की तो स्वतःच उतरवून घेतो. पोर्तुगालचा इनुऑस, कॅनडाचा ब्लूसाउंड व्हॉल्ट, इंग्लंडचा ब्रेनन, कोरियाचा ऑरेंडर, जपानचा मेल्को ही त्या जातीतली नावं. वस्तू चांगल्या आहेत, मी नाव ठेवणार नाही, पण सर, तो डबा बिघडला तर दर्यापुरात कोण उघडणार? खोक्यात बांधून मुंबईला पाठवा आन् दोन महिने फोन करत बसा.

माझंच सांगतो. आठ-नऊ वर्षांमागं हौसेनं असाच एक तयार डबा घेतला, कंपनीचं नाव सांगत नाही, तीन वर्षं मस्त चालला. मग एक दिवस मोबाईल बदलला तर नव्या मोबाईलवर त्यांचं ॲपच चढेना. कंपनीनं ते मॉडेलच सोडून दिलं होतं. डबा जिवंत, आतली डिस्क जिवंत, गाणे जिवंत, पण त्याला सांगणार कसं की बाबा हे वाजव? शेवटी पेचकस घेऊन डिस्क बाहेर काढली. नशीब की फायली साध्या फ्लॅकमध्ये, म्हणजे एका खुल्या फॉरमॅटमध्ये होत्या, नाहीतर सगळं पाण्यात. याच्या उलट लॉजिटेकचं स्क्वीझबॉक्स पहा, कंपनीनं ते यंत्र २०१२ मध्ये बंद केलं, पण त्याचं सर्व्हरवालं सॉफ्टवेअर खुलं होतं, लोकांनी ते मरू दिलं नाही, आता ते लिरिऑन म्युझिक सर्व्हर या नावानं चालू आहे, फुकट आहे आन् आजही त्यात सुधारणा होऊन राहिल्या. म्हणून माझा पहिला सवाल नेहमी हाच असतो, कंपनी उद्या गेली तर गाणे माझ्या हातात राहतील का.

जागेचा हिशोब सांगतो, म्हणजे दुकानदार चार टीबी गळ्यात मारणार नाही. सीडीवरचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, एकेक १६ बिटचा, दोन चॅनल, असा तासाला साधारण ६३५ एमबी होतो. फ्लॅकमध्ये टाकला की निम्म्याच्या आसपास येतो आन् त्यातला एक कणही हरवत नाही, झिप फाईलसारखं आहे ते, उघडलं की जसंच्या तसं. एका सीडीला साडेतीनशे एमबी धरले तर तुमच्या चारशे सीड्या दीडशे जीबीच्या आत बसतात. एक टीबी घेतली तर नातवाचे गाणे पण मावतील. एमपी३ मध्ये काढू नका, जागा वाचवायचे दिवस गेले, आन् तुमच्या कामाचा एक मुद्दा म्हणजे मैफिलीच्या सीडीत एक ट्रॅक संपून दुसरा सुरू होतो तिथं एमपी३ मध्ये बारीकशी उचकी लागते, विलंबितातून द्रुतात जाताना नेमकी. फ्लॅकमध्ये ती भानगड नाही, फक्त वाजवणाऱ्या यंत्रानं गॅपलेस, म्हणजे मधात खंड न पाडता वाजवलं पाहिजे, ते घेताना वाजवून पहा.

आता तुमच्यासाठी काय. मी रास्पबेरी पाय ४ सुचवतो, पत्त्याच्या कॅटएवढा कॉम्प्युटर आहे तो, पंखा नाही, आवाज नाही. त्यावर पायकोअरप्लेअर नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं आन् त्यातच लिरिऑन सर्व्हर चालू करायचा. गाण्यांसाठी एक टीबीची एसएसडी, म्हणजे आत फिरणारी चकती नसलेली डिस्क, यूएसबीला लावायची. डॅक यूएसबीवाला घ्या नाहीतर पायवरच बसणारं डॅकचं कार्ड घ्या, दोन्ही चालते. सगळं मिळून दीड लाखाच्या बऱ्याच खाली काम व्हावं, भाव रोज हलतात म्हणून नेमका आकडा लिहीत नाही. जोडून द्यायला गावातला एखादा कॉम्प्युटरवाला पोट्टा पुरतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पायकोअरप्लेअर काहून, तर लाईनमुळं. आपल्याकडं लाईन सांगून जात नाही. डीपी उडाला, वारं सुटलं, गेली. साधारण कॉम्प्युटर चालू असताना झटक्यात बंद झाला तर ज्या मेमरी कार्डावर सॉफ्टवेअर असते त्यावर जे लिहिणं चालू होतं ते अर्धवट राहते आन् कार्ड बिघडते. हे सॉफ्टवेअर चालू होताना पूर्ण मेमरीत चढून बसते, मग कार्डाला फारसा हात लावत नाही, म्हणून झटका बसला तरी परत उठते. तरीही डबा इन्व्हर्टरच्या लाईनवरच घ्या, राऊटरसकट. पाच वॅट खाते ते, दिवसरात्र चालू ठेवलं तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास, बिलात दिसणार पण नाही. इन्व्हर्टर जुना चौकोनी वेव्हचा असेल तर ॲम्प त्यावर लावू नका, ट्रान्सफॉर्मर भुणभुण करते. ॲम्प मेनवर ठेवा, डबा इन्व्हर्टरवर. पण दोन लाईनीवर दोन गोष्टी लावल्या की कधी कधी हमिंग, म्हणजे स्पीकरमधून घूं असा आवाज येते, त्याबद्दल खाली शेवटच्या प्रश्नात वाचा.

दुसरा शत्रू गरमी. मे महिन्यात परतवाड्याला एका घरी गेलो होतो, हार्ड डिस्क दिसत नाही म्हणून बोलावलं होतं. डिस्क कुठं, तर काचेच्या शोकेसमध्ये, खाली सेट टॉप बॉक्स, मागं भिंत पश्चिमेची, दुपारचे तीन. काच सरकवली तर तोंडावर वाफ आल्यासारखी, डिस्क हातात धरवेना, भाकरीच्या तव्यावरून उचलल्यासारखी. पोर्टेबल हार्ड डिस्कच्या कागदावर पाहाल तर चालवायची हद्द बऱ्याचदा ३५ डिग्रीच लिहिलेली असते. ३५ डिग्री म्हणजे आपल्याकडं फाल्गुनातच संपलं बाप्पा! म्हणून सर्व्हरला एसएसडी, आन् ठेवायचा उघड्यावर, आलमारीत नाही. पण कुलरच्या तोंडासमोरही नाही. कुलरची हवा ओली, बोअरचं पाणी खारं, वरून जिनिंगचा कापूस उडते तो वेगळा, दोन उन्हाळ्यात सॉकेटांवर हिरवं चढते. भिंतीला लाकडी फळी ठोका, छातीएवढ्या उंचीवर, उंदरालाही लवकर चढता येत नाही.

तुमचे गोल सॉकेट म्हणजे पाच पिनचे डिन. घाबरू नका, डिन ते आरसीए (लाल-पांढऱ्या पिनची) अशी वायर मिळते, नाही मिळाली तर रेडिओवाला बनवून देतो. मधली पिन जमिनीची, आन् टेपच्या सॉकेटमध्ये ३ आन् ५ नंबरच्या पिनांवर आवाज आत जातो, १ आन् ४ वरून टेपकडं बाहेर जातो. वायर घेताना हेच विचारा, कारण उलटी वायर लावली तर काहीच वाजत नाही आन् माणूस डब्यावर संशय घेतो. आन् फोनो लिहिलेल्या सॉकेटात लावूच नका, ते रेकॉर्ड प्लेअरचं, आवाज फाटून येतो.

राहिलं वहिनींचं. डब्याला पडदा नाही, मोबाईलवरूनच चालवायचा. घरात साधा वायफाय राऊटर लागतो, त्यात नेट नसलं तरी चालते, राऊटर फक्त मोबाईल आन् डब्याची गाठ घालून देतो. इथं एक फसगत होते, जवळपास प्रत्येक घरी होते. मोबाईल पाहतो की या वायफायला इंटरनेट नाही, मग गुपचूप सिमच्या डेटावर जातो, आन् मग ॲप म्हणते सर्व्हर सापडत नाही. वायफाय जोडताना मोबाईल विचारतो, नेट नाही तरी जोडलेलं राहू का, तिथं हो म्हणा आन् परत विचारू नको वर खूण करा. नाहीतर गाणे ऐकताना डेटा बंद. वहिनींसाठी फेव्हरिट्समध्ये सात-आठच गोष्टी टाका, सकाळचे अभंग, नाट्यगीत, अशा, त्यांना चारशे अल्बमच्या यादीत सोडू नका.

घेण्याआधी एक परीक्षा. कोणताही डबा असो, दुकानातच सांगा, नेटची वायर काढा, बंद करून परत चालू करा आन् मग गाणं लावून दाखवा. लॉगिन मागत बसला तर उठून या.

प्रश्न : कारंजा (लाड). रास्पबेरी पाय लावला होता, दोनदा कार्ड उडालं. मित्र म्हणतो जुना लॅपटॉप लाव. खरंच लावू का? माझ्याकडं हार्ड डिस्कवर ३०० जीबी गाणे आहेत, बॅकअप नाही.

भाऊ, शेवटचं वाक्य पहिले लिहायचं होतं. तीनशे जीबी आन् बॅकअप नाही! आजच एक हार्ड डिस्क घेऊन ये, सगळं कॉपी कर, मग पुढचं वाच.

केली? आता ऐक. जुना लॅपटॉप वाईट नाही, उलट त्याची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस, लाईन गेली तरी तो शांतपणे चालत राहते. पाच वॅटच्या जागी पंधरा वॅट खाईल, म्हणजे महिन्याला दहा-अकरा युनिट, चालून जाते. पण जुनी बॅटरी चोवीस तास चार्जिंगवर उन्हाळ्यात फुगते, दर महिन्याला लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पहा, डुगडुगला किंवा टचपॅड वर उचललं दिसलं की बॅटरी काढून टाक, तशी चालवायची नाही. आन् पंखा आवाज करते, बेडरूममध्ये ठेवू नको.

पण तुझं कार्ड काहून उडालं ते आधी पहा. दोनच कारणं असतात सहसा. एक, मोबाईलचा चार्जर लावला असेल. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ ॲम्पिअर लागते, आन् वर यूएसबी डिस्क लावली तर मोबाईलचा चार्जर दम सोडते, व्होल्टेज खाली येते, कार्ड खराब. त्याचाच स्वतःचा ॲडाप्टर घे, पाय ५ असेल तर त्याला ५ ॲम्पिअरवाला. दोन, झटक्यानं बंद होणं, ते वर सरांच्या उत्तरात लिहिलंच आहे. तसंच गाणे कार्डावर ठेवू नको, कार्डावर फक्त सॉफ्टवेअर, गाणे वेगळ्या डिस्कवर. आन् सेटिंग एकदा नीट बसली की त्या कार्डाची दुसरी कॉपी बनवून कपाटात ठेव, उडालं की दुसरं खोच, पाच मिनिटांत गाणं चालू. मी स्वतःच्या घरी तेच करतो, कार्डाच्या डबीवर तारीख लिहून ठेवली आहे.

दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात असा रेडवाला डबा घेऊ का असंही तू खाली विचारलं आहे. नको. वीज कडाडून पडली तर दोन्ही डिस्क एकाच वायरीवर, दोन्ही सोबतच जातात. चुकून फोल्डर डिलीट केलं तर दोन्हीवरून होते. दुसरी डिस्क घरात नको, मामाच्या घरी ठेव. दिवाळीला गेला की नवीन गाणे टाकून ये.

प्रश्न : नेर, जि. यवतमाळ. आईनं आन् तिच्या मैत्रिणींनी म्हटलेल्या भुलाबाईच्या गाण्यांच्या अकरा कॅसेट आहेत, ८८ ते ९४ च्या. आई आता नाही. भावानं सर्व्हर लावून दिला, त्यात हे टाकायचं आहे. आवाज काही ठिकाणी बारीक, घाईघाईत म्हटल्यासारखा येतो. शिवाय मराठी नावं टाकली तर पडद्यावर चौकटी दिसतात.

ताई, या अकरा कॅसेट बाकी सगळ्या सर्व्हरपेक्षा महाग आहेत, चारशे सीड्या परत विकत मिळतील, या नाही. म्हणून घाई नाही करायची.

कुणाजवळ तरी चांगला डेक असेलच, त्यावर वाजवा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, रबरी रोलरही. कॅसेटच्या पोटात तोंडाजवळ फेल्टची बारीक गादी असते, जुन्या कॅसेटमध्ये ती गळून पडते आन् मग आवाज बुडाल्यासारखा येतो, ती दुसऱ्या फालतू कॅसेटमधून काढून लावता येते. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, गाणं चालू असताना तो अगदी केसभर फिरवून जिथं स-श सगळ्यात स्वच्छ ऐकू येतात तिथं थांबायचं. त्या टेपवर भरलं तेव्हा हेड जसा वाकडा होता तसाच आता वाकडा करायचा, असं समजा. मग डेकच्या लाईन आऊटमधून यूएसबी साउंड कार्डात आन् तिथून ऑडॅसिटीमध्ये, हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एक तासाची कॅसेट एक तासच घेते, मधात उठून जायचं नाही.

आन् तो बारीक, घाईचा आवाज. मला वाटते त्या वेळी सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर भरलं असेल, ओसरीत, रात्री, लाईनचा भरवसा नाही म्हणून. सेल उतरले की भरणारी मशीन हळू फिरते, आज बरोबर वेगानं वाजवली की सगळ्या बाया पोरीच्या आवाजात पळत सुटतात. ऑडॅसिटीत वेग बदलायची सोय आहे, तीन-चार टक्के कमी करून पहा, आईचा आवाज तुमच्या कानाला ओळखू येईल तिथं थांबा, त्याला दुसरं मोजमाप नाही. पण मूळ फाईल तशीच ठेवा, दुरुस्त केलेली वेगळ्या फोल्डरमध्ये. आन् नॉईज काढायच्या नादात बटण फार फिरवू नका, मागचा कुत्रा जाते तसा टाळ्यांचा कडकडाटही जाते.

आता नावांचं. चौकटी दिसतात त्याचे दोन प्रकार. नावं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, श्रीलिपी वगैरे, तर सगळीकडं कचराच दिसेल, ती युनिकोडमध्ये परत टाइप करा, एमपी३टॅग नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात शंभर फायली एकदम बदलता येतात, फ्लॅकसुद्धा. पण मोबाईलवर बरोबर दिसतात आन् फक्त डब्याच्या छोट्या पडद्यावर चौकटी असतील तर टॅगचा, म्हणजे फाईलीत लिहिलेल्या नावांचा, दोष नाही, त्या पडद्याला देवनागरी येतच नाही. काही पडद्यांवर अक्षरं येतात पण वेलांटी पळून भलतीकडं बसते. तिथं काही उपाय नाही, पडदा विसरा, मोबाईलवर पहा.

शोधताना अजून एक गंमत होते. "ऱ्या" हे अक्षर दोन तऱ्हेनं टाइप होते, दिसते सारखंच पण यंत्राला वेगळं वाटते, म्हणून "दुसऱ्या" शोधलं तर सापडत नाही. एकाच कीबोर्डनं सगळं टाइप करा, म्हणजे भानगड नाही.

टॅगमध्ये काय लिहायचं, तर अल्बमच्या जागी "भुलाबाई, नेर, १९९०" असं, अल्बम आर्टिस्टच्या जागी आईचं नाव, आन् कमेंटच्या जागी कोण कोण म्हणून राहिलं ते. मावशी, शेजारची काकू, आजही ओळखणारं कोणी असेल तिला जवळ बसवून एकेक गाणं लावा आन् लिहून घ्या, भाद्रपद पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर खेळत होत्या ना, कोणाच्या अंगणात कोणत्या दिवशी ते पण. हे काम कोणताच सर्व्हर करणार नाही.

हाच अल्बम आर्टिस्ट हिंदी गाण्यांतही लागतो, बऱ्याच जणांनी विचारलं आहे की एक पिक्चर यादीत चार वेळा काहून दिसते. कारण गायक चार. अल्बम आर्टिस्टमध्ये संगीतकाराचं नाव एकसारखं टाका, चारही गोळा होऊन एक होतात.

प्रश्न : वडसा. झाडीपट्टीच्या नाटकांचं रेकॉर्डिंग करतो. रातभराचं नाटक एका फाईलीत भरायला गेलो तर मधातच तुटते. तसंच मंडळाच्या पीए ॲम्प्लिफायरवर सर्व्हर लावला तर एकाच बाजूचा आवाज येते.

तुमचं कार्ड किंवा पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट असेल, त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जातच नाही. २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर भरत असाल तर तासाला दोन जीबी, म्हणजे दोन तासात हद्द आली, अजून पहिल्या अंकातच आहे नाटक. रेकॉर्डर घेत असेल तर एक्सफॅट करा, आन् २४ बिट ४८ किलोहर्ट्झ भरपूर आहे. अंकागणिक वेगळी फाईल केली तर अजून बरं, एक बिघडली तर एकच जाते.

पीए ॲम्प मोनो, म्हणजे एकच चॅनल घेणारा असतो, तुम्ही एकच वायर लावली, डावी. दोन्ही एकत्र करायच्या पण नुसत्या पिळून जोडू नका, एक आउटपुट दुसऱ्याला दाबते. दोन्हीत १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर टाकून पुढं एकत्र करा. दोन रुपयाचा माल आहे.

प्रश्न : हिंगणघाट. सर्व्हरपासून राऊटरपर्यंत भारी किमतीची नेटवर्क केबल लावली तर आवाज उजळतो म्हणतात. आन् १९२ किलोहर्ट्झच्या फायली घ्याव्या का?

केबलचे पैसे स्पीकरवर घाला. १९२ ची गरज नाही, सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावते, आन् आपण पन्नाशीच्या पुढचे, तिथपर्यंत आपले कानच जात नाहीत.

प्रश्न : मेहकर. सगळं नवीन लावलं, गाणं सुंदर वाजते पण बंद केल्यावर स्पीकरमधून घूं असा आवाज येतच राहतो. रात्री जास्त.

रात्री जास्त नाही, रात्री शांत असते म्हणून ऐकू जास्त येते. सगळ्या वायरी ॲम्पच्या मागून काढा, घूं गेलं का? गेलं तर ॲम्प चांगला, भानगड वायरीतून येते. मग एकेक लावत जा. मेहकर-लोणारकडच्या तीन-चार घरी माझा अनुभव आहे की दोषी निघते ती टीव्हीची, डिशची किंवा केबलवाल्याची जाड वायर, ती खांबावरून किंवा गच्चीवरून स्वतःची वेगळी जमीन घेऊन येते आन् टीव्हीतून ॲम्पमध्ये शिरते. ती काढून पहा. तिच्यानं असेल तर टीव्ही ऑप्टिकल वायरीनं जोडा, काचेतून, प्लास्टिकातून करंट जात नाही, म्हणून हमिंगही जात नाही. सर्व्हरलाही ऑप्टिकल असेल तर तेच.

डबा एका सर्किटवर आन् ॲम्प दुसऱ्यावर असेल तर एकदा दोन्ही एकाच बोर्डवर लावून पहा. काही जण ॲम्पची तिसरी, अर्थिंगची पिन कापून टाकतात, घूं जाते खरं, पण मग कधी पेटीला हात लागला तर माणूस जाईल, ते अजिबात करायचं नाही. त्यापेक्षा घराचं अर्थिंग पहा, उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठाक पडलेला असते, त्यात चार बादल्या पाणी ओतून या आन् परत ऐका, किती वेळा तेवढ्यानंच काम झालं आहे.

आन् सगळ्या वायरी काढूनही घूं चालूच असेल तर ॲम्पच्या आतले मोठे कंडेन्सर म्हातारे झाले. कोणत्याही जुन्या रेडिओवाल्याजवळ न्या, तो बदलून देतो. स्वतः उघडणार असाल तर प्लग काढून बराच वेळ थांबा आन् त्या कंडेन्सरच्या टोकांना हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यांच्यात करंट बसून राहते, चांगला फटका देते. माझ्या डाव्या अंगठ्याला अजून आठवते.